सिस्टरबाईंचा उजवा गुडघा

सिस्टरबाई गेल्या तेव्हा राखेत त्यांचा गुडघा सापडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिलिंददादा, म्हणजे त्यांचा मुलगा, अस्थी गोळा करायला गेला होता. त्याला आधी वाटलं, लाकडातलं काहीतरी लोखंड असेल. उचलून पुसलं तर मुठीत मावेल असा, दोन गोलाई असलेला धातूचा तुकडा. काळवंडला होता, पण अंगठ्यानं घासला तिथं चमकला. त्यांच्या जाण्याचा गुडघ्याशी काही संबंध नव्हता. दुपारचा चहा घेऊन खुर्चीत बसल्या होत्या, तिथंच हृदय थांबलं. दादानं मला पुण्याला फोन केला आणि विचारलं, "हे अस्थीत धरायचं का न्हाई?"

 सिस्टरबाई असत्या तर त्यांनी काय विचारलं असतं, ते मला लगेच सुचलं. "झिजलाय का बघ कुठं." मी ते बोलले नाही. फोनवर मी तशीही फार बोलत नाही.

हिंगोलीला आमचं आणि त्यांचं घर लागून होतं, मध्ये कमरेएवढी भिंत. त्या सरकारी आरोग्य खात्यात नर्स होत्या आणि त्यांची जवळजवळ सगळी नोकरी कुरुंद्याच्या आसपासच्या गावांत पायी गेली. खांद्याला लशींचा डबा, पायात कॅनव्हासचे बूट, पांढऱ्या साडीच्या काठाला चिखल. हे मी ऐकलेलं. मी पाहिलेल्या सिस्टरबाई निवृत्त होत्या, ठेंगण्या, करड्या केसांचा घट्ट अंबाडा घालणाऱ्या आणि दोन्ही गुडघ्यांनी अधू. भिंतीशी येऊन उभ्या राहिल्या की एक हात भिंतीवर ठेवत आणि दुसऱ्यानं मांडी दाबत.

त्यांची एक सवय होती. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचा अपघात झाला, असल्या बातम्यांत त्यांना फार रस नसे. त्या थांबायच्या. सगळे बोलून विसरून गेले की सहा महिन्यांनी विचारायच्या, "त्या ब्यांकेतल्या सायबाचा पाय मोडला होता, नंतर काय झालं त्याचं?" कुणालाच ठाऊक नसायचं. मग म्हणायच्या, "बघा. मोडलेला समद्यांनी पाहिला. जुळलेला कोनीच न्हाई."

पंचाण्णव साली जानेवारीत, सव्वीस तारखेच्या आदल्या दिवशी, त्यांचा उजवा गुडघा मुंबईत बदलला. दादा तेव्हा तिकडे नोकरीला होता. आमच्या गल्लीत असं काही कुणी पाहिलेलं नव्हतं. त्या परत आल्यावर बायका बाळंतिणीला भेटायला यावं तशा आल्या. कुणी डिंकाचे लाडू आणले. एकीनं चमचा हातात घेऊनच विचारलं, "सिस्टर, वाजतंय का हो ते?"

"वाजवून बघ."

तिनं हळूच ठोकून पाहिलं. "हाडावानीच वाजलं की!" तिची निराशा लपली नाही.

मृगाचे ढग आले तेव्हा समोरच्या आजी बजावून गेल्या की आता अंगणात फिरायचं नाही, लोखंडावर वीज येते. सिस्टरबाई त्या दिवशी मुद्दाम वाळवण काढायला अंगणात गेल्या. अर्थात घाईनं गेल्या आणि घाईनं आत आल्या, हेही मी भिंतीवरून पाहिलं.

उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, गुडघे टेकायचे नाहीत, असं मुंबईहून सांगून पाठवलं होतं. म्हणून संडासासाठी एका लाकडी खुर्चीला मधोमध भोक पाडायचं ठरलं. खडूनं गोल आखून खुर्ची सुताराकडे गेली. निरोप त्यांना पोचवायला आलेल्या दादानं दिला, आणि त्याला नीट सांगायची लाज वाटली. सुतारानं आपल्या बुद्धीनं आखलेल्या जागी मजबूत फळी ठोकून दिली. त्याला वाटलं, बैठक तिथं कमजोर झाली असेल. सिस्टरबाई हसून हसून पडायच्या बेतात आल्या. पुढे खरी खुर्ची झाल्यावर त्या आल्यागेल्याला आधी पाणी देत, मग चहा देत आणि मग ती खुर्ची दाखवत.

मुंबईच्या इस्पितळात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना पायऱ्यांचा एक नियम शिकवला होता. चढताना चांगला पाय आधी टाकायचा, उतरताना वाईट. सुरुवातीला चांगला पाय म्हणजे डावा, म्हणजे त्यातल्या त्यात बरा. मे महिन्यातल्या एका सकाळी आमच्या दारच्या तीन पायऱ्यांशी त्या थांबल्या आणि आईला हाक मारली. "वयनी, बाहेर या. बघा." आणि उजवा पाय आधी वर टाकला. तीनही पायऱ्या तशाच चढल्या. "आजपासून ह्यो चांगला," म्हणाल्या. त्यानंतर मी त्यांना किती पायऱ्या चढताना पाहिलं असेल, दर वेळी उजवाच आधी.

माझा या गुडघ्याशी संबंध आला तो माझ्या कंपासपेटीमुळे. मोठ्या डॉक्टरांनी निघताना सगळ्या पेशंटना सांगितलं होतं की दर वर्षी कसं आहे ते कळवत जा. डॉक्टर असं सांगतात आणि पेशंट मान डोलावतात. सिस्टरबाईंनी ते कामासारखं घेतलं. पहिलं वर्ष भरलं त्या दिवशी त्यांनी मला भिंतीवरून बोलावलं. मी पाचवीत होते, इंग्रजी शाळेत जात होते आणि घरी कुणी आलं की आतल्या खोलीत जात होते.

"ए इंग्लिस म्याडम. तुझ्याकडं तो अर्धा चंद्र हाय ना, अंश मोजायचा? घेऊन ये."

त्यांनी दोन लाकडी फूटपट्ट्या एका खिळ्यानं जोडून ठेवल्या होत्या. मांडीच्या वरच्या हाडावर, गुडघ्याच्या बाजूला आणि घोट्यावर जांभळ्या औषधाचे तीन ठिपके दिले. पलंगावर आडव्या होऊन त्या पाय दुमडत, मी पट्ट्या ठिपक्यांवर धरत असे आणि खिळ्याशी माझा कोनमापक लावून आकडा वाचत असे. शाळेत मी त्यानं कागदावरचे त्रिकोण मोजत होते. माणूस मोजता येतं हे मला नवीन होतं. शिवाय तिथं बोलावं लागत नव्हतं, वाचावं लागत होतं.

"किती?"

"एकशे पाच."

"परत बघ. मला खूश करू नको."

मी परत पाहिलं. एकशे चारच होतं. "आता कसं," त्या म्हणाल्या. "ल्ही."

आणि मी लिहिलं. पत्र इंग्रजीत जायचं. त्या पलंगावरून सांगत आणि मी अडखळत लिही. त्यांच्याकडे दुखण्याला पाच-सहा शब्द होते. डावा ठणकायचा, कधी सलायचा, थंडीत आखडायचा. माझ्याकडे एकच इंग्रजी शब्द होता, तो मी सगळीकडे लावला. पत्रात काय काय असायचं? सलग किती वेळ उभं राहता येतं, झोप मोडते का, बसच्या पायरीला कुणाचा हात लागतो का. एका वर्षी त्यांनी सांगितलं, "ल्ही, की ऊन लागलं तर आतून गरम होत न्हाई, थंडीत मात्र कळतंय की आत कोनतरी दुसरं हाय." ते मी कसं लिहिलं, आता आठवत नाही. उत्तर कधी आलं नाही. मी एकदा विचारलं, वाचत असतील का ते?

"वाचो न वाचो," त्या म्हणाल्या. "इचारलं त्यानं. इचारलं तर सांगावं."

आमचा तालुका जिल्हा झाला, गल्लीत फोन आले, मी अकरावीत गेले, आणि दर जानेवारीला मी ते तीन ठिपके मोजत राहिले. आकडा एकशे बारापर्यंत चढला आणि तिथं थांबला.

त्यांच्या विहारात मी एकदाच गेले, पिशवी धरायला. भंतेंचं आसन जमिनीपासून वीतभर उंच आणि सगळे खाली सतरंजीवर. एका तरुणानं सिस्टरबाईंसाठी प्लास्टिकची खुर्ची आणली. त्यांनी ती भिंतीला लावून ठेवली. "भंतेच्या वर बसू व्हय?" वंदना आणि त्यानंतरचं सगळं प्रवचन त्या दाराशी हात जोडून उभ्या राहिल्या. मी शेजारी. हळूच विचारलं, दुखत नाही का. "उजवा न्हाई. डावा रडून राहिला." असं किती वर्षं चाललं. मग एका पावसाळ्यात वर्षावासाच्या मुक्कामाला आलेल्या म्हाताऱ्या भंतेंनी दोन दिवस हे पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी स्वतःचं आसन टेबलावर मांडायला सांगितलं. एवढ्या उंच बसायची सवय नसल्यानं ते सारखे कडा चाचपत होते म्हणे. सिस्टरबाई खुर्चीवर बसल्या, आणि तरीही खालीच राहिल्या. हे सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

या बाईंना नंतरचं इतकं काहून लागतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. एकदा मोजून झाल्यावर त्यांनी आपणहून सांगितलं.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत बायकांना ऑपरेशनच्या कॅम्पाला न्यायचं काम त्यांच्याकडे होतं, मुलं पुरे झाली की करायचं ते. वरून घाई असायची. कुरुंद्यात रुक्मिण नावाची एक शेतकऱ्याची बायको होती, तीन लेकरांची आई, आणि ती भीत होती. सिस्टरबाई तिला म्हणाल्या, "काई होत न्हाई गं. आठ दिवसांत शेतात जाशील." टाके चिघळले. ती तीन महिने आडवी राहिली. त्या वर्षीची हळद तिच्या सासूनं आणि लहान पोरींनी काढली.

"आन् मी काय केलं, सांगू? तिच्या घरावरून जायचं सोडलं. मागच्या बोळीनं जायची. वर्षभर. कॅम्पात इचारलं त्यांनी, किती बाया आणल्या. नंतर कशा हायेत, ते कोनी इचारलं न्हाई, मंग मीबी न्हाई."

"मग?"

"एक दिस तीच बोळीत उभी. म्हणली, बाई, ह्या वाटेनं काहून जाता, चिखल हाय. पुढून या, च्या घ्या." त्या पट्ट्यांचा खिळा फिरवत राहिल्या. "शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं."

त्यानंतर त्यांनी 'काही होत नाही' हे तीन शब्द वापरले नाहीत. मी लक्ष ठेवून होते. लस टोचतानासुद्धा त्या लेकराला म्हणत, "दुखंल. आता दुखंल. झालं."

गुडघ्याला अकरा वर्षं झाली तेव्हा मी पुण्याहून घरी आले होते. सकाळी मोजायला गेले. ठिपके दिले, पट्ट्या लावल्या. सत्त्याण्णव. मी स्वतःच परत पाहिलं, आणि मग तिसऱ्यांदा. हाताला गुडघा कोमट लागत होता, डाव्यापेक्षा कोमट.

"किती?"

मी सांगितलं.  त्या उठून बसल्या, पाय खाली सोडले आणि उभ्या राहिल्यावर पलंगाची कड धरून थांबल्या. मग चार पावलं अशी टाकली की मी नजर वळवली. पाचव्या पावलापासून नेहमीसारख्या चालू लागल्या.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीपासून. बसून उठलं की पयली चार पावलं. मंग काई न्हाई."

"कुणाला सांगितलंत?"

"आता तुला. ल्ही."

मी लिहीत असतानाच दारात रिक्षा थांबली. रुक्मिणकाकू आल्या होत्या, कुरुंद्याच्या त्याच. आता त्या सत्तरीकडे झुकल्या होत्या. जन्मभर बसून हळद लावली आणि वेचली, त्यानं दोन्ही गुडघे बाहेर वाकून पायांची कमान झाली होती. ओटा चढायलाच त्यांना बराच वेळ लागला. पाणी पिऊन त्या सरळ मुद्द्यावर आल्या.

"नांदेडला गुडघे बदलून देतेत म्हने आता. पोरगं म्हनतंय, कर. मी म्हनलं, सिस्टरचा बघते आन् मंग सांगते. तुमी म्हनाल तसं."

सिस्टरबाई त्या वेळी उभ्या होत्या, चांगल्या चालत्या झालेल्या. तशाच स्वयंपाकघरात गेल्या असत्या, चहा घेऊन आल्या असत्या, तर काकूंनी अकरा वर्षांचा उत्तम गुडघा पाहिला असता. मी त्यांच्याकडे बघत होते. काकूंच्या त्या एका वाक्यानंतर त्यांचा चेहरा मला वाचता येईना.

त्या खुर्चीत बसल्या. मला म्हणाल्या, "म्याडम, च्या तू टाक." चहा झाला, पिऊन झाला, कुरुंद्याच्या गोष्टी झाल्या. चांगला अर्धा तास त्या हलल्या नाहीत. मग कप खाली ठेवला.

"रुक्मिण, आता बघ."

आणि उठल्या. खुर्चीचा हात धरून थांबल्या आणि ती चार पावलं काकूंच्या समोरून चालून दाखवली. एकही लपवलं नाही.

काकूंचा हात तोंडाशी गेला. "अगं माय. हे काय झालं?"

"अकरा वर्ष चांगलं झालं. आता हे होऊन राहिलंय. आतून ढिला झाला असंल. परत उघडावं लागंल कदाचित, आन् दुसरी खेप पयलीपेक्षा अवघड असती." त्या भिंतीला टेकून उभ्याउभ्याच बोलत होत्या, सावकाश, जसं दर वर्षी मला सांगत. "मांडी न्हाई. उकिडवं न्हाई. हळदीला खाली बसता येणार न्हाई, कधीच. पयले तीन महिने रडशील. जखम चिघळू शकती. चिघळनं तुला ठाऊक हाय."

काकूंनी दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले. "आन् झोप?"

"झोप लागती. मला पयल्या उन्हाळ्यापासून लागली."

"औंढ्याला नागनाथाच्या गाभाऱ्यात उतरता येईल का?"

"न्हाई गं. तिथं बसून, वाकून उतरावं लागतं. वरूनच हात जोडायचे."

"मंग त्यालाच म्हनते, लई वर्ष मी खाली आले, आता तू ये वर." काकू स्वतःच हसल्या. मग पदरानं डोळे पुसले, हसूनच पुसले की काय ते कळलं नाही. "बाई, त्या खेपेला तुमी म्हनला काई होत न्हाई. मी भ्याले न्हाई, आन् फसले. आज एवढं भेव घालून राहिलात, तर मला भेवच वाटंना. अकरा वर्ष! मला अकरा वर्ष कोन देऊन राहिलंय? करते मी."

सिस्टरबाईंनी फक्त मान हलवली. "वर्ष भरलं की येईन मोजायला."

"या. पन पुढच्या वाटेनं या."

दोघी हसल्या. मी कप उचलून आत गेले.

त्या वर्षीच्या पत्राला उत्तर आलं. मी पुण्यात होते, त्यांनी फोन केला. "म्याडम, वाचत होते गं ते!" अक्षर जुन्या डॉक्टरांचं नव्हतं, दुसऱ्याच कुणाचं. फक्त दोन ओळी होत्या. सगळी पत्रं फाइलीत आहेत, एक्स-रे घेऊन लवकर या. फाइल हा शब्द त्यांनी तीनदा उच्चारला. मी विचारलं, मग कधी जायचं?

"जाईन. आधी कुरुंद्याचं वर्ष भरू दे."

काकूंचं नांदेडचं ऑपरेशन होळीच्या सुमारास झालं होतं. सिस्टरबाईंचं दुखणं वाढत होतं, हे आई कळवत होती. दादा रागावला. मीही, माझ्या मानानं बरंच, बोलले. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. मुंबईला गेलं की चार महिने उठता येणार नाही, आणि दिलेली तारीख एकदा चुकली की ती बोळच पुन्हा.

त्या मुंबईला गेल्याच नाहीत. वर्ष भरल्यावर दोन महिन्यांनी त्यांचं हृदय थांबलं. राखेतल्या त्या तुकड्याचं नंतर काय झालं, हे मी दादाला सहा महिन्यांनी विचारलं. त्यानं तो आपल्या आईच्या जुन्या लशींच्या डब्यात ठेवला आहे. एका गोलाईवर बारीक चरे आहेत म्हणाला. खिळ्यानं जोडलेल्या पट्ट्या माझ्याकडे आहेत. रुक्मिणकाकूंचं दुसरं वर्ष मी मोजलं, परवा तिसरंही. मला बोलणं जमत नाही म्हणून त्या एकट्याच बोलतात.

सिस्टरबाईंना मी शेवटचं पाहिलं ते हिंगोलीच्या बसस्टँडवर. होळी होऊन गेली होती, उन्हं तापायला लागली होती, आणि कुणाच्या तरी गोणीतून उकडलेल्या हळदीचा वास येत होता. काकूंचं पहिलं वर्ष त्या दिवशी भरत होतं. माझी पुण्याची गाडी नंतर होती, म्हणून मी त्यांना सोडायला गेले. पिशवीतून पट्ट्या बाहेर डोकावत होत्या आणि जांभळ्या औषधाची बाटली त्यांनी रुमालात गुंडाळून वेगळी घेतली होती.

कुरुंद्यावरून जाणारी बस लागली. एसटीची पहिली पायरी उंच. मी हात पुढे केला, त्यांनी तो घेतला नाही. दाराची दांडी धरली आणि खाली आपल्या दोन्ही पायांकडे पाहत थांबल्या. मागची माणसं "चला मावशी, चला" करत होती. उजवा पाय थोडा हलला आणि परत जमिनीवर टेकला.

त्यांनी डावा पाय आधी वर टाकला. मग दांडीला ओढून घेत उजवा त्याच्यामागे आणला.

खिडकीशी बसल्यावर त्यांनी मला शोधलं. मी पाहिलंय, हे त्यांनी पाहिलं. बस हलली तेव्हा त्या गजातून हात बाहेर काढून ओरडल्या, "बघितलंस ना? ल्ही!"